पोपट, पक्षकार आणि पुढची तारीख

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे ऑगस्ट २०१५ मध्ये एका पोपटाला पिंजऱ्यासह पोलीस ठाण्यात हजर व्हावे लागले. ऐंशी वर्षांच्या पुढच्या एका वृद्धेची तक्रार अशी होती की, ती घरावरून जाऊ लागली की हा पक्षी तिला शिव्या देतो आणि त्या शिव्या तिच्या सावत्र मुलाने त्याला मुद्दाम पढविल्या आहेत. ठाण्यात वृद्धेला पोपटासमोर उभे करण्यात आले. पोपटाने चकार शब्द काढला नाही. अखेर त्याची रवानगी वनखात्याकडे झाली. देशोदेशीच्या वृत्तपत्रांनी ही बातमी चवीने छापली. त्या बातम्यांच्या तळाशी एक ओळ होती, ती मात्र फार थोड्यांच्या ध्यानात राहिली. मायलेकांमधला मूळ तंटा मालमत्तेचा होता.

या घटनेशी मिळतेजुळते असे एक शिवराळ पोपटाचे प्रकरण ‘मामला लीगल है’ या हिंदी मालिकेत आहे. नेटफ्लिक्सवर मार्च २०२४ मध्ये ती प्रथम दिसली. दिल्लीच्या पटपरगंज भागातील एक काल्पनिक जिल्हा न्यायालय, तेथील वकील संघाचा अध्यक्ष त्यागी, परदेशात शिकून आलेली एक ध्येयवादी तरुण वकील, स्वतःची खोली मिळावी म्हणून झुरणारी एक मध्यमवयीन वकीलबाई आणि रोज दाराशी येणारी चमत्कारिक प्रकरणे, असा तिचा संसार आहे. त्यागीचे काम रवी किशन यांनी केले आहे. ते २०१९ पासून लोकसभेचे सदस्य आहेत. कायदे करणाऱ्या सभागृहात बसणाऱ्याने कायद्याच्या पळवाटा शोधणारा वकील इतक्या सहजतेने रंगवावा, यातली गंमत मालिकेच्या लेखकांना अभिप्रेत होती की नाही, कोण जाणे.

अशा मालिकेविषयी प्रेक्षकांत दोन मते पडतात आणि ती कोल्हारसारख्या गावीही पडलेली दिसतील. शाळेच्या शिक्षक-खोलीत, पतसंस्थेच्या टेबलाशी, लोणीच्या महाविद्यालयाकडे जाणाऱ्या एस. टी.त हल्ली मालिकांचीच चर्चा अधिक असते. एक पक्ष म्हणतो, न्यायालय ही गंभीर जागा आहे, तेथे असा पोरखेळ चालत नाही, हे सारे अतिशयोक्त आहे. दुसरा पक्ष म्हणतो, यात अतिशयोक्ती कसली, तालुक्याच्या कोर्टात अर्धा दिवस बसून पाहा म्हणजे कळेल. पहिल्या मताची माणसे बहुधा कोर्टाची पायरी न चढलेली असतात. शहाण्याने ती चढू नये, ही म्हण त्यांनी पाळलेली असते. दुसऱ्या मताच्या माणसांकडे मात्र घरी एक कापडी पिशवी असते आणि तीत सातबाराचे उतारे, फेरफाराच्या नकला, वकीलपत्राची प्रत आणि मागच्या तारखांची टिपणे कोंबलेली असतात.

तेव्हा मालिकेविषयीचा खरा मतभेद हा अभिरुचीचा नाही. तो अनुभवाचा आहे, आणि या पिशवीवाल्या प्रेक्षकाचे मत वेगळे काढून ऐकण्यासारखे आहे. त्याला हसण्याचे वावडे नाही. वकिलांची भांडणे, शिरस्तेदाराची मिजास, पुकारा झाल्यावर उडणारी धांदल, हे पाहून तो इतरांहून मोठ्याने हसतो, कारण त्याची खूण त्याला पटते. त्याचा आक्षेप एवढाच की, पडद्यावरचे प्रकरण भागाच्या शेवटाला निकाली निघते. पोपट येतो, युक्तिवाद होतो, निकाल लागतो, पक्षकार हात जोडून निघून जातो आणि पुढच्या भागात दुसरा पक्षकार येतो. वकील तेच राहतात, न्यायाधीश तेच राहतात, बदलतो तो पक्षकार. प्रत्यक्षात याच्या नेमके उलट घडते. न्यायाधीशांची बदली होते, सरकारी वकील बदलतो, कधी आपला वकीलही हे जग सोडून जातो आणि पक्षकार मात्र तोच राहतो. तो वारला तर त्याचे वारस अभिलेखावर लावण्याचा अर्ज होतो आणि त्या अर्जावर पुन्हा तारीख पडते.

कोल्हारचेच उदाहरण घेतले तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. प्रवरेच्या एका काठाला कोल्हार बुद्रुक, ते राहाता तालुक्यात. दुसऱ्या काठाला कोल्हार खुर्द, ते राहुरी तालुक्यात. भगवतीमातेच्या यात्रेला दोन्ही काठांची माणसे एकत्र येतात, सोयरिकी होतात, नदीच्या दोहों बाजूंना एकाच कुटुंबाची जमीन असणे अशक्य नाही. परंतु दावा लावावयाचा म्हटला की एक राहात्याची वाट धरतो, दुसरा राहुरीची. दोघांच्याही प्रकरणांचे स्वरूप सारखेच असते. भावाभावांतील वाटप, कोरलेला बांध, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, न वटलेला धनादेश, नांदावयास न गेलेल्या मुलीची पोटगी. यांत पोपट एखादाच. बाकी सारी प्रकरणे इतकी रोजची असतात की, मालिकेचा लेखक त्यांना हातही लावणार नाही.

पण लावला तर त्यांत विनोद कमी नाही. शेतीच्या वाटपाचा दावाच पाहा. दिवाणी न्यायालय हिस्से ठरवून हुकूमनामा करते. वादीला वाटते, जिंकलो. मग त्याला सांगितले जाते की, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे सरकारसारा भरणाऱ्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप न्यायालय करीत नाही, ते जिल्हाधिकाऱ्याने किंवा त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याने करावयाचे असते. म्हणजे कागद आता एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत निघाला. तेथे मोजणी, तेथे नोटिसा, तेथे हरकती. जिंकलेल्या माणसाला आपला विजय कोणत्या टेबलावर पडला आहे, हे शोधत फिरावे लागते. शेतात जाण्याची वाट अडविली तर त्याची दाद पुन्हा तिसऱ्याच ठिकाणी, तहसीलदारापुढे, मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ या कायद्याखाली मागावी लागते. इंग्रजी अमदानीतला हा कायदा अजून चालू आहे, हे शहरातल्या पुष्कळ सुशिक्षितांना ठाऊकही नसते. बांधावरच्या शेतकऱ्याला तो तोंडपाठ असतो. एखाद्या विनोदी लेखकाने या तीन कचेऱ्यांच्या फेऱ्यांवर आठ भाग लिहिले, तर त्याला काल्पनिक काही घालावेच लागणार नाही.

हे कोणी लिहीत नाही याचे एक कारण असे की, कोर्टाच्या विनोदावरचा वाद आजवर भलत्याच दोन पक्षांत चालत आला आहे. एका बाजूला कलावंताचे स्वातंत्र्य, दुसऱ्या बाजूला वकिलीची आणि न्यायसंस्थेची प्रतिष्ठा. हा वाद नगर जिल्ह्याला परका नाही. येथील अपिले ज्या खंडपीठापुढे जातात, त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढेच २०१७ च्या आरंभी ‘जॉली एलएलबी २’ या चित्रपटाविरुद्ध एका वकिलाने याचिका केली. वकिलीची आणि न्यायालयाची थट्टा होते, चित्रपटाच्या नावातील पदवीही काढून टाकावी, असा तिचा आशय होता. खंडपीठाने चित्रपट पाहण्यास तीनजणांची समिती नेमली आणि समितीच्या अभिप्रायावरून चार ठिकाणी कात्री लागली. सेन्सॉर मंडळाने आधीच प्रमाणपत्र दिलेल्या चित्रपटाची ही दुसरी तपासणी होती. फेब्रुवारीत चित्रपट प्रदर्शित झाला, चालला, आणि न्यायालयांची प्रतिष्ठा होती तेथेच राहिली.

पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये याच मालिकेतील तिसऱ्या चित्रपटाविरुद्ध त्याच उच्च न्यायालयात, या वेळी मुंबईत, जनहित याचिका आली. गाण्यात वकिलांची टवाळी आहे, एका प्रसंगात न्यायाधीशांना ‘मामू’ म्हटले आहे, अशी तक्रार होती. मुख्य न्यायमूर्तींच्या पीठाने ती फेटाळली. अशी थट्टा आम्ही पहिल्या दिवसापासून सोसत आलो आहोत, आमची काळजी करू नका, अशा अर्थाचे उद्गार त्या वेळी निघाले. साडेआठ वर्षांत एकाच उच्च न्यायालयाची ही दोन मते. पैकी दुसरे अधिक शहाणपणाचे आहे, यात शंका नाही. ज्या संस्थेला आपल्या बळाची खात्री असते ती विदूषकाला दरबारातून हाकलीत नाही, हे आपल्याकडच्या राजांनाही कळत होते.

तथापि या दोन्ही प्रसंगी एक गोष्ट सारखीच राहिली. तक्रार वकिलांच्या मानाची होती, उत्तर न्यायाधीशांच्या मानाविषयीचे होते. पक्षकाराच्या मानाचे काय, असा प्रश्न कोणी विचारला नाही. ‘जॉली’ पाहून वकिलाला अपमान वाटतो. पण सकाळची गाडी धरून आलेल्या माणसाला दुपारी तीन वाजता ‘साहेब रजेवर आहेत’ असे सांगितले जाते, तेव्हा होणारा अपमान कोणत्या कायद्याखाली बसतो? न्यायालयीन अवमानाचा कायदा १९७१ चा आहे. त्यात न्यायालयाच्या अवमानाची व्याख्या आहे. न्यायालयाच्या दाराशी ताटकळणाऱ्याच्या अवमानाची नाही. असा कायदा करता येणार नाही हेही खरे. परंतु ती जागा भरून काढण्याचे काम नाटक-सिनेमाने करावे, ही अपेक्षा अवाजवी नाही, कारण मराठी माणसाने ते काम पूर्वी होताना पाहिले आहे.

आचार्य अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ १९६२ मध्ये रंगभूमीवर आले. माधव काझी या ठकाच्या गाजलेल्या खटल्याचा त्याला आधार होता. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी म्हणविणारा लखोबा लोखंडे प्रभाकर पणशीकरांनी असा उभा केला की, प्रेक्षक त्याच्या हजरजबाबीपणावर फिदा होऊन टाळ्या देत. त्याने फसविलेल्या स्त्रिया साक्षीला येत आणि त्यांच्याही साक्षीत सभागृह हसे. आज मागे वळून पाहता त्या हशात थोडे अस्वस्थ करणारे काही आहे. पाच वर्षांनी, १९६७ मध्ये, तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगभूमीवर आले, तेव्हा हीच अस्वस्थता त्यांनी नाटकाच्या केंद्रस्थानी आणली. वेळ घालविण्यासाठी मांडलेला लुटुपुटीचा खटला पाहता पाहता बेणारे नावाच्या एका शिक्षिकेची शिकार होऊन बसतो. प्रेक्षक आधी हसतो आणि मग आपण कोणाबरोबर हसत होतो हे कळून चपापतो. कोर्टाच्या विनोदात हसणारा कोणाच्या बाजूला बसला आहे, हा प्रश्न मराठी रंगभूमीने असा फार आधी विचारून ठेवला आहे.

पडद्यावर त्याचे सर्वांत चांगले उत्तर सईद अख्तर मिर्झा यांच्या ‘मोहन जोशी हाजिर हो!’ या १९८४ च्या चित्रपटात सापडते. मुंबईच्या मोडकळीस आलेल्या चाळीतील एक वृद्ध जोडपे घरमालकाने दुरुस्ती करावी म्हणून दावा लावते. म्हाताऱ्याचे काम ‘तमस’चे लेखक भीष्म साहनी यांनी केले आणि म्हातारीचे दीना पाठक यांनी. वकील दोन्हीकडचे गबर होत जातात, तारखा पडत राहतात, चाळीतले शेजारी आधी टिंगल करतात. चित्रपट विनोदी आहे, जागोजाग हसू येते. पण कॅमेरा वकिलांच्या खोलीत मुक्कामाला राहत नाही. तो जोशींबरोबर जिना चढतो, उतरतो आणि त्यांच्याबरोबरच म्हातारा होतो. त्यानंतर तीस वर्षांनी चैतन्य ताम्हाणे यांनी ‘कोर्ट’ केला. त्यात वीरा साथीदार यांनी उभा केलेला लोकशाहीर नारायण कांबळे पिंजऱ्यात बसून राहतो आणि त्याच्या डोक्यावरून कायद्याची कलमे वाचली जातात. फिर्यादीकडची एक बाई बिनबाह्यांचे कपडे घालून आली म्हणून सुनावणी पुढे ढकलली जाते. प्रेक्षागृहात त्या क्षणी हशा पिकतो. आणि कांबळे कोठडीत परत जातो. ‘कोर्ट’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. मात्र गावोगाव तो कितीशांनी पाहिला, हा वेगळा विषय आहे.

विलायतेत आणि अमेरिकेत हा प्रकार फार रुळला. जॉन मॉर्टिमर हे स्वतः बॅरिस्टर. त्यांचा ‘रम्पोल ऑफ द बेली’ १९७८ पासून १९९२ पर्यंत इंग्रजी दूरचित्रवाणीवर चालला. डेव्हिड केली हे बॉस्टनमध्ये वकिली केलेले. त्यांच्या ‘अ‍ॅली मॅकबील’ आणि ‘बॉस्टन लीगल’ या मालिका आपल्याकडेही इंग्रजी वाहिन्यांवर पाहिल्या गेल्या. विक्षिप्त वकील, विक्षिप्त खटले, शेवटी एक भावपूर्ण भाषण आणि निकाल, हा साचा तेथूनच आला. तेथे तो काही अंशी शोभतो. तेथला प्रेक्षक अतिशयोक्ती कोठे सुरू होते हे ओळखू शकतो. आपल्याकडे साचा तोच ठेवला की जी सर्वांत मोठी विसंगती, म्हणजे काळ, तीच निसटून जाते.

आणि हा काळ कवींचा काळ नव्हे, तो मोजता येतो. देशातील जिल्हा व तालुका न्यायालयांत तुंबलेल्या प्रकरणांची संख्या २०२४ मध्ये चार कोटींच्या पुष्कळ वर होती. विधी आयोगाने १९८७ सालच्या आपल्या १२० व्या अहवालात दहा लाख लोकसंख्येमागे न्यायाधीश साडेदहा आहेत, ते पन्नास करावेत, असे सुचविले. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये पाच वर्षांच्या आत तसे करण्याचे निर्देश दिले. २०२४ मध्ये सरकारने संसदेत दिलेला आकडा एकवीसच्या आसपास होता आणि तोही मंजूर पदांचा. खालच्या न्यायालयांतील सुमारे पंचवीस हजार मंजूर पदांपैकी पाच हजारांवर पदे रिकामीच होती. दिवाणी दाव्याच्या सुनावणीत एका पक्षाला तीनांहून अधिक तहकुबी देऊ नयेत, असा नियम २००२ पासून संहितेत आहे. पुढे २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपवादात्मक परिस्थितीत त्याला मुरड घालता येते असे म्हटले, आणि अपवादाचा नियम व्हावयास आपल्याकडे फारसा वेळ लागत नाही. तीन तहकुबींचा नियम एखाद्या पिशवीवाल्याला वाचून दाखवावा. मालिकेतल्या कोणत्याही वाक्याला मिळाला नसेल असा हशा त्याला मिळेल.

हेच खरे चिंतेचे ठिकाण आहे. ‘दामिनी’ या १९९३ च्या चित्रपटात वकिलाने तारखांविरुद्ध केलेले भाषण लोकांना पाठ आहे. त्या वेळी ते संतापाचे होते. आज लग्नकार्यातही नकला करणारे ते म्हणून दाखवितात आणि मंडप हसतो. संतापाची नक्कल होऊ लागली की संताप संपत आला असे समजावे. विलंब ही सहन करण्याची गोष्ट आहे, मग सवयीची आहे, मग गमतीची आहे, असा तिचा प्रवास होतो. आणि गमतीच्या गोष्टीसाठी कोणी आमदाराकडे गाऱ्हाणे घेऊन जात नाही, न्यायाधीशांची पदे का भरली नाहीत म्हणून कोणी प्रश्न विचारीत नाही. वकिलांची थट्टा केल्याने न्यायसंस्थेचे काही बिघडत नाही. विलंबाची थट्टा सवयीची झाली तर मात्र पक्षकाराचे बिघडते.

आता तर खऱ्या न्यायालयाचेच चलच्चित्र घरोघर दिसू लागले आहे. गुजरात उच्च न्यायालयाने आपले कामकाज यूट्यूबवर दाखविण्यास आरंभ केला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या सप्टेंबरपासून घटनापीठांचे कामकाज खुले केले. उद्देश चांगला होता. परंतु तासन्‌तास चालणारे कामकाज कोण पाहतो? त्यातील न्यायमूर्तींनी वकिलाला फटकारल्याचा अर्धा मिनिट कापून काढला जातो, त्याला संगीत जोडले जाते आणि तो मोबाइलवर फिरू लागतो. कर्नाटकात २०२४ मध्ये अशाच तुकड्यांवरून मोठे वादळ झाले. एका न्यायमूर्तींच्या शेऱ्यांची सर्वोच्च न्यायालयाला आपण होऊन दखल घ्यावी लागली आणि त्यांनी खेद व्यक्त केल्यावर ते प्रकरण मिटले. प्रेक्षकाच्या दृष्टीने पटपरगंजचे खोटे कोर्ट आणि हे खरे कोर्ट यांत आता अंतर राहिलेले नाही. दोन्ही एकाच पडद्यावर, एकापाठोपाठ एक येतात. त्याच पडद्यावर ई-कोर्ट सेवेवरून दाव्याची पुढची तारीखही येते. या तारखेच्या संदेशाने राहात्याचा निदान एक हेलपाटा वाचला, हे उपकारच मानले पाहिजेत.

तेव्हा ‘मामला लीगल है’सारख्या मालिका बंद कराव्यात, छाटाव्यात, असे म्हणण्याचे काही कारण नाही. त्या पाहिल्या जाव्यात आणि त्यांच्याविषयी बोलले जावे. कायद्याच्या अभ्यासक्रमाला जाणाऱ्या विद्यार्थ्याला त्यातून निदान एवढे कळते की, वकिली म्हणजे केवळ उच्च न्यायालयातील काळे डगले नव्हेत. खोलीसाठी, पंख्यासाठी, पहिल्या अशिलासाठी झगडणे हीही वकिलीच आहे. झुरणाऱ्या वकीलबाईचे चित्र या दृष्टीने मालिकेतील सर्वांत खरे चित्र ठरते आणि अनेक प्रेक्षकांना तीच अधिक आवडली तर नवल नाही.

मागणी करावयाचीच तर ती लहानशी आहे. अशी मालिका लिहिणाऱ्याने पहिल्या भागात एक पक्षकार बाकावर बसवावा. जमिनीच्या वाटपाचा दावा असलेला, पिशवी मांडीवर घेतलेला, साधा. पोपट येवोत, माकडे येवोत, निकाल लागत राहोत. त्याचा पुकारा होऊ नये. आठव्या भागात तो तेथेच असावा, आणि त्याच्या शेजारी आता त्याचा मुलगा बसलेला असावा. त्याच्याविषयी एक शब्दही कोणी बोलू नये. कोल्हारच्या दोन्ही काठांवरचे प्रेक्षक त्याला पहिल्याच भागात ओळखतील.